राखीव प्रत मंद कां होते?

जी वस्तु एकदां हरपली असतां पुन्हां मिळावयाची नाहीं, तिची दुसरी प्रत करून वेगळ्या जागीं ठेवावी, हा शहाणपणा कांहीं आजचा नव्हे. छापखाने येण्यापूर्वीं महाराष्ट्रांत पोथ्यांच्या नकला होत, त्यांत हाहि एक हेतु असे. एका वाड्याला आग लागली, किंवा एका पेटींत वाळवी शिरली, तरी दुसऱ्या गांवीं तोच ग्रंथ शाबूत राही. आज सुशिक्षित कुटुंबाची पोथी म्हणजे घरांतील संगणक होय. मुलांच्या जन्मापासूनचीं छायाचित्रें, लग्नकार्यांचीं चलच्चित्रें, आजीच्या आवाजांत ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, घराचीं व बँकेचीं कागदपत्रें, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, हें सर्व एका लहानशा यंत्राच्या पोटांत सांठविलेलें असतें. त्या यंत्रांतील डिस्क एक दिवस बिघडणार, हें ठरलेलें असतें. तो दिवस कोणता, एवढेंच काय तें ठरलेलें नसतें.

म्हणून घरांत बाहेरची हार्ड डिस्क येते. पहिल्या रविवारीं मोठ्या उत्साहानें ती संगणकास जोडली जाते, आणि बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, घेण्यास आरंभ होतो. पडद्यावर ‘दोन तास शिल्लक’ असें उमटतें. थोड्या वेळानें दोनाचे पांच होतात, पांचाचे अकरा होतात. सकाळीं उठून पाहावें तों काम निम्मेंहि झालेलें नसतें, आणि कोणाला तरी तोच संगणक घेऊन कामावर जावयाचें असतें. केबल उपटली जाते. दुसऱ्या रविवारीं पुन्हां प्रयत्न होतो, तिसऱ्या रविवारीं कंटाळा येतो, आणि चौथ्या रविवारीं डिस्क कपाटांत जाते. खरा धोका येथेंच आहे. मंद बॅकअप हा कालांतरानें बंद पडलेला बॅकअप होतो. ज्या घरांत डिस्क आहे, पण तिजवरील प्रत दोन वर्षांपूर्वींची आहे, त्या घराला दोन वर्षांच्या आठवणी तर गमवाव्या लागतातच. शिवाय ‘आपली प्रत आहे’ या खोट्या भरंवशानें तें घर तोंवर निर्धास्त राहिलेलें असतें.

अशा प्रसंगीं बहुतेक लोक दोहोंपैकीं एक गोष्ट करतात. एक तर संगणक विकणाऱ्याला दोष देतात. नाहीं तर बाजारांत जाऊन अधिक महाग डिस्क विकत आणतात. पुष्कळदां ही नवी डिस्कहि पहिलीप्रमाणेंच रेंगाळते, कारण दोष पहिलींत नव्हताच. मंदपणा हें ज्वरासारखें लक्षण आहे. ज्वर एकच दिसला तरी त्याच्या मुळाशीं निरनिराळे रोग असूं शकतात, आणि नाडी न पाहतां दिलेलें औषध कधीं निरुपयोगी, तर कधीं अपायकारकहि ठरतें. म्हणून आधीं परीक्षा आणि मग खर्च, हा क्रम सोडूं नये.

विहिरीवरील मोटेचा दृष्टान्त घेतला असतां हा विषय सुलभ होतो. विहिरीचा झरा किती जोराचा आहे, मोट केवढी आहे, पाट किती रुंद आहे, आणि वाफा किती वेगानें पाणी जिरवूं शकतो, या चौहोंपैकीं जें सर्वांत तोकडें असेल, तेंच पिकाला मिळणाऱ्या पाण्याचा वेग ठरवितें. पाट अरुंद असतां मोट दुप्पट केली, तर बैलांना श्रम मात्र पडतात. वाफ्यांत पाणी पूर्वींइतकेंच येतें. राखीव प्रतीचा मार्ग असाच आहे. संगणकांतील डिस्क ही विहीर. तिच्यांतून फाईली उपसणारा प्रोग्रॅम ही मोट. पोर्ट आणि केबल हा पाट. आणि बाहेरची डिस्क हा वाफा. यांपैकीं तोकडें कोण, हें शोधून काढणें म्हणजेच अर्धा उपाय होय.

हा शोध घरच्या घरीं, हातांत घड्याळ घेऊन करतां येतो. प्रथम एखाद्या समारंभाच्या चलच्चित्राची आठ-दहा गिगाबाईटची एकच मोठी फाईल घ्यावी, आणि ती बाहेरच्या डिस्कवर उतरविण्यास किती सेकंद लागतात तें मोजावें. नंतर हजारों बारीकसारीक फाईलींनीं भरलेला एक गिगाबाईटचा फोल्डर घ्यावा, आणि त्यासहि किती वेळ लागतो तें पाहावें. एक गिगाबाईट म्हणजे सुमारें हजार मेगाबाईट, हें ध्यानांत ठेवून मेगाबाईटांस सेकंदांनीं भागलें कीं वेग निघतो. या दोन मापांवरून बराच उलगडा होतो. मोठी फाईलहि सेकंदास ३० ते ४० मेगाबाईटांच्या पलीकडे जात नसेल, तर संशय पाटावर, म्हणजे केबल व पोर्ट यांजवर, घ्यावा. मोठी फाईल १०० च्या आसपास जाते, परंतु बारीक फाईली मात्र रांगतात, असें दिसल्यास दोष फाईलींच्या संख्येंत आहे. आरंभीं वेग उत्तम असून कांहीं वेळानें तो एकाएकीं कोसळत असेल, तर बाहेरच्या डिस्कच्या रचनेचा विचार करावा. आणि वेग क्षणांत चढतो, क्षणांत शून्यावर येतो, मध्येंच यंत्र स्तब्ध होतें, असें घडत असेल, तर तें सर्वांत गंभीर लक्षण समजावें. या चारी लक्षणांचा क्रमानें विचार करणें इष्ट आहे.

प्रथम केबल. यूएसबी या जोडणीची दुसरी आवृत्ति २००० सालीं निघाली. तिचा कागदोपत्रीं वेग सेकंदास ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाईट होतो, म्हणून हा वेग ६० मेगाबाईट ठरतो. आणि देवघेवीचा खर्च वजा जातां प्रत्यक्ष हातीं ३० ते ४० मेगाबाईट पडतात. २००८ सालीं तिसरी आवृत्ति आली, तिचा वेग सेकंदास ५ गिगाबिट, म्हणजे दसपटीहून अधिक. आतां चारशें गिगाबाईटांचा संग्रह उतरवावयाचा असेल, तर सेकंदास ३५ मेगाबाईट या गतीनें तीन तास दहा मिनिटें लागतात. तीच डिस्क १०० मेगाबाईटांच्या गतीनें लिहूं लागली, तर सव्वा तासाच्या आंत काम होतें. हा सर्व फरक कधीं कधीं केवळ एका केबलीचा असतो.

येथें एक गंमत आहे, आणि ती अनेक घरांत घडते. खिशांत मावणाऱ्या पुष्कळ हार्ड डिस्कांना दोन भागांचें रुंद, चपटें तोंड असतें. त्या तोंडाच्या मोठ्या भागांत जुन्या मोबाईलची अरुंद केबलहि बरोबर बसते. मूळची केबल हरवली, ड्रॉवरमध्यें मोबाईलची सांपडली, ती लावली, दिवा लागला, डिस्क दिसूं लागली. मग संशय येण्याचें कारणच काय? परंतु वेगाच्या जादा तारा तोंडाच्या दुसऱ्या, लहान भागांतून जातात, आणि तो भाग आतां रिकामा असतो. त्यामुळें तिसऱ्या आवृत्तीची डिस्क मुकाट्यानें दुसऱ्या आवृत्तीप्रमाणें चालूं लागते. पोर्टाचेंहि तसेंच. संगणकाच्या एका बाजूस जुनें पोर्ट आणि दुसऱ्या बाजूस नवें, अशी रचना अनेक यंत्रांत असते. नव्या पोर्टाच्या आंतील जीभ बहुधा निळी असते, किंवा त्याच्या शेजारीं इंग्रजी ‘एस-एस’ ही अक्षरें असतात. अलीकडील लंबगोल सी जातीच्या केबली दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांतील कित्येक केवळ मोबाईल भारित करण्यासाठीं केलेल्या असून दुसऱ्या आवृत्तीच्याच वेगानें माहिती नेतात. तोंडाच्या आकारावरून वेग ओळखूं नये. मधला हब काढून डिस्क थेट संगणकास जोडावी, आणि डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कलाच बांधून ठेवावी. हा उपाय बिनखर्ची, म्हणून तो सर्वांत आधीं करावा.

आतां दुसरें लक्षण, बारीक फाईलींचें. हार्ड डिस्कच्या पोटांत चकचकीत तबकड्या गरगर फिरत असतात, आणि त्यांवरून एक हात आंत-बाहेर सरकत असतो. या हाताच्या टोकाशीं असलेलें सूक्ष्म अग्र लिहिण्या-वाचण्याचें काम करतें. पुष्कळ घरगुती डिस्कांच्या तबकड्या मिनिटास ५४०० फेरे घेतात, म्हणजे एका फेऱ्यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतो. हात योग्य वर्तुळावर नेऊन पोंचविणें आणि हवी ती जागा फिरत फिरत त्याच्याखालीं येणें, या दोहोंस मिळून १५ ते २० सहस्रांश सेकंद जातात. फाईल मोठी असली म्हणजे हात एकदां स्थिर झाला कीं पाण्याची धार लागावी तसें लिहीत जातो. फाईली बारीक असल्या म्हणजे प्रत्येकीसाठीं त्याला पुन्हां पुन्हां धांवावें लागतें. शिवाय प्रत्येक फाईलीचें नांव, आकार आणि वेळ यांची नोंद वेगळ्या जागीं करावी लागते.

हिशोबच पाहावा. वीस किलोबाईटांच्या दोन लक्ष फाईली म्हणजे एकंदर ४ गिगाबाईट. एकाच मोठ्या फाईलीच्या रूपानें त्या असत्या, तर सेकंदास १०० मेगाबाईट या वेगानें ४० सेकंदांत उतरल्या असत्या. परंतु प्रत्येकीमागें हाताची एकच धांव, आणि तीहि १८ सहस्रांश सेकंदांची धरली, तरी एकूण ३६०० सेकंद होतात. चाळीस सेकंदांच्या कामास एक तास! टपाल वांटणाऱ्याला एका घरीं शंभर पत्रें द्यावयाचीं असलीं तर क्षणाचें काम; शंभर घरीं एकेक पत्र द्यावयाचें असेल तर सबंध सकाळ जाते. ओझें तेंच, पायपीट मात्र वेगळी.

ही पायपीट कमी करणें यंत्र बनविणारांनाहि फारसें साधलेलें नाहीं. आयबीएम या अमेरिकन कंपनीनें १९५६ सालीं पहिली डिस्क बाजारांत आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत, आणि हवी ती जागा गांठावयास सरासरी ६०० सहस्रांश सेकंद लागत. आज हातांत मावणाऱ्या दोन टेराबाईटच्या डिस्कमध्यें त्याच्या चार लक्ष पट मजकूर राहतो. परंतु जागा गांठण्याचा वेग मात्र तीस-चाळीस पटच वाढला आहे. कोठार लाखों पटींनीं वाढलें, कोठाराची किल्ली घेऊन धांवणारा माणूस मात्र थोडासाच चपळ झाला. राखीव प्रतीच्या मंदपणाचें मोठें रहस्य या एका विषमतेंत आहे.

यावरून उपाय आपोआप सुचतो: हाताच्या धांवा कमी कराव्या. धांवा कमी करण्याची पहिली रीत म्हणजे नको तें वगळणें. संगणकावरील बारीक फाईलींचा फार मोठा भाग कुटुंबाच्या उपयोगाचा नसतोच. इंटरनेट पाहतांना ब्राउझरनें सांठविलेलीं चित्रें, प्रोग्रॅमांच्या तात्पुरत्या फाईली, कचरापेटी, पुन्हां केव्हांहि मिळण्याजोगे प्रोग्रॅम, यांची प्रत घेणें म्हणजे घर बदलतांना केराची टोपलीहि बांधून नेणें होय. बहुतेक बॅकअप-प्रोग्रॅमांत वगळावयाच्या फोल्डरांची यादी देतां येते. ती एकदां विचारपूर्वक करावी. मात्र वगळतांना संशय आला तर तो फोल्डर ठेवावा; चुकून ठेवलेल्यानें वेळ जातो, चुकून वगळलेल्यानें ठेवा जातो. तसेंच ज्या फाईली केवळ नांवानें संगणकांत दिसतात, पण प्रत्यक्षांत इंटरनेटवरील सांठ्यांत असतात, त्यांची प्रत घेण्यापूर्वीं त्या खालीं उतरवाव्या लागतात. मग वेग डिस्कचा न राहतां घरांतील इंटरनेटचा होतो.

दुसरी रीत याहूनहि महत्त्वाची आहे. पुष्कळ घरांत राखीव प्रत म्हणजे छायाचित्रांचा फोल्डर माऊसनें ओढून बाहेरच्या डिस्कवर टाकणें, आणि ‘पूर्वींच्या फाईली बदलूं काय?’ असें विचारलें असतां ‘होय’ म्हणणें, असा प्रघात असतो. यांत दहा वर्षांपूर्वीं लिहिलेलें तेंच छायाचित्र दर वेळीं नव्यानें लिहिलें जातें. व्यवहारी मनुष्य दर महिन्याला सगळी खतावणी नव्या वहींत उतरवून काढीत नाहीं. तो फक्त नव्या नोंदी करतो. बॅकअपमध्येंहि असें करतां येतें. मागील प्रतीनंतर कोणती फाईल नवी आली, कोणतीचा आकार किंवा वेळ बदलली, एवढेंच पाहून तेवढ्याच फाईली उतरविणाऱ्या पद्धतीस वाढीव बॅकअप म्हणतात. १९९६ सालीं अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस या ऑस्ट्रेलियांतील दोघां संगणकतज्ज्ञांनीं ‘आर-सिंक’ नांवाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, त्याचा पायाच मुळीं फक्त फरक तेवढा पाठविणें हा होता. ॲपलच्या संगणकांत २००७ पासून ‘टाइम मशीन’, आणि विंडोजमध्यें २०१२ पासून ‘फाइल हिस्टरी’, हीं साधनें याच तत्त्वावर, बदललेलें तेवढें उचलून, चालत आलीं आहेत.

या रीतीचें फळ किती मोठें आहे, तें पाहावें. एका कुटुंबांत आठवड्याला नवीं छायाचित्रें व कागदपत्रें मिळून दोन गिगाबाईटांची भर पडते असें धरूं. सेकंदास ३५ मेगाबाईट या जुन्या, अरुंद पाटानेंहि ती एका मिनिटांत उतरते. बदल कोठें झाला तें शोधण्याचीं कांहीं मिनिटें वर जातात. म्हणजे ज्या कामासाठीं रात्र पुरत नव्हती, तें चहा होईपर्यंत आटोपतें. यावरून असेंहि दिसतें, कीं पहिली प्रत मंद होणें हें संकट नव्हे. ती अर्ध्यावर सोडणें हें संकट होय. पहिली प्रत एकदांच घ्यावयाची असते. तिला दोन रात्री लागल्या तर लागोत. संगणक आपोआप झोपीं जाणार नाहीं अशी योजना करावी, लॅपटॉप असल्यास त्याला विजेची जोडणी द्यावी व झांकण उघडें ठेवावें, इतर प्रोग्रॅम बंद करावे, आणि काम पुरें होऊं द्यावें.

मात्र एका गोष्टीस जपावें. कांहीं प्रोग्रॅमांत ‘मिरर’, म्हणजे आरसा, नांवाची रीत असते. मूळ जागीं जें नाहीं तें ती प्रतींतूनहि पुसून टाकते. मुलाच्या हातून एखादा फोल्डर चुकून पुसला गेला आणि त्या रात्रीं आरसा चालला, तर राखीव प्रतींतूनहि तो जातो. वेग थोडा कमी असला तरी चालेल, परंतु जुन्या आवृत्त्या कांहीं महिने राखणारी रीतच घरासाठीं निवडावी.

तिसरें लक्षण म्हणजे आरंभीं वेग आणि मागाहून घसरण. हीत डिस्कच्या रचनेचा भाग असतो. थोड्या जागेंत अधिक मजकूर मावावा म्हणून २०१३ च्या सुमारास अशा डिस्का निघाल्या, कीं ज्यांत लेखनाचीं वर्तुळें घराच्या छपरावरील कौलांप्रमाणें एकमेकांवर किंचित् चढविलेलीं असतात. हल्लींच्या अनेक खिसा-डिस्का याच जातीच्या आहेत. खालचें एखादें कौल बदलावयाचें तर त्यावरील कौलेंहि उचलून पुन्हां बसवावीं लागतात. तसेंच या डिस्कमध्यें एक जुनी नोंद बदलावयाची तर तिच्या शेजारचा पट्टा पुन्हां लिहावा लागतो. हें दुखणें लपविण्यासाठीं डिस्क नवा मजकूर प्रथम एका मोकळ्या ओसरीवर टाकते आणि सवडीनें आंत लावते. ओसरी भरली कीं वेग कोसळतो. अशा डिस्कला मधून मधून विसांवा द्यावा. एका रात्रींत सर्व न कोंबतां दोन-तीन भागांत प्रत घ्यावी, काम झाल्यावर कांहीं वेळ ती जोडलेलीच राहूं द्यावी, आणि ती कांठोकांठ भरूं नये. न भरण्यांत दुसराहि लाभ आहे: तबकडीच्या बाहेरील वर्तुळांत एका फेऱ्यांत अधिक मजकूर जातो, आंतील वर्तुळांत कमी. डिस्क बाहेरून आंत भरत जात असल्यामुळें ती भरत आली म्हणजे तिचा वेग पुष्कळच उतरतो.

मोटेचा, म्हणजे प्रोग्रॅमांचा, दोषहि कधीं कधीं असतो. विषाणूरोधक प्रोग्रॅम प्रत्येक फाईल उघडतांना तपासतो, आणि लक्षावधि फाईलींच्या वेळीं ही जकात जड होते. तरीहि तो सरसकट बंद करणें हा शहाणपणा नव्हे. बॅकअप रात्रीं चालवावा हें बरें. छायाचित्रें व चलच्चित्रें मुळांतच आवळलेलीं असतात. प्रोग्रॅमला तीं पुन्हां आवळावयास सांगितलें, तर वेळ जातो आणि जागा वांचत नाहीं. ‘टाइम मशीन’सारखीं साधनें माणसाच्या कामांत व्यत्यय येऊं नये म्हणून बुद्धिपुरस्सर सावकाश चालतात, संगणक मोकळा ठेवला कीं त्यांना वाव मिळतो. विंडोजमध्यें २०१८ पासून बाहेरच्या डिस्कसाठीं ‘झटपट काढणें’ ही रीत मूळची ठरविलेली आहे. ती बदलून ‘अधिक वेग’ ही रीत निवडतां येते. मग संगणक कांहीं मजकूर स्मरणांत राखून सोयीनें लिहितो. पण त्या रीतींत ‘सुरक्षित काढा’ ही आज्ञा दिल्यावांचून केबल उपटली, किंवा मध्येंच दिवे गेले, तर शेवटचा मजकूर डिस्कवर पोंचलेलाच नसतो. ज्या घरांत ही शिस्त पाळली जाणार नाहीं, त्या घरानें हा वेग घेऊं नये.

आतां चौथें आणि सर्वांत गंभीर लक्षण. काल-परवांपर्यंत तीच डिस्क, तीच केबल, तोच संगणक असतां काम वेगानें होत होतें, आणि आज एकाएकीं तें अडखळूं लागलें. एकाच फाईलीपाशीं यंत्र मिनिट-मिनिट थबकतें, किंवा आंतून टकटक असा ध्वनि येतो. अशा वेळीं वेग वाढविण्याचा विचार मनांतून काढून टाकावा. डिस्कच्या पृष्ठभागावरील एखादी जागा क्षीण झाली, म्हणजे यंत्र ती पुन्हां पुन्हां वाचून पाहतें, आणि बाहेरून हा प्रयत्न मंदपणासारखा दिसतो. हा दोष संगणकांतील डिस्कचा असेल, तर तिच्यापाशीं किती काळ उरला आहे, तें कोणीहि सांगूं शकत नाहीं. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नांवाच्या तक्त्यांत ठेवते. ती वाचणारे लहान प्रोग्रॅम मिळतात, आणि त्यांत निकामी ठरलेल्या जागांची संख्या वाढतांना दिसली तर दुजोरा मिळतो. परंतु नोंद निर्दोष असली तरीहि निश्चिंत राहूं नये. अशा वेळीं संपूर्ण प्रत घेण्याचा हट्ट सोडून, ज्या वस्तु पुन्हां मिळणार नाहींत त्या आधीं उतरवाव्या: प्रथम छायाचित्रें व ध्वनिमुद्रणें, मग हस्तलिखितें व कागदपत्रें, आणि सर्वांच्या शेवटीं चित्रपट व प्रोग्रॅम. घराला आग लागली असतां माणूस आधीं मूल उचलतो, मग दागिने, मग भांडीं. तोच क्रम येथें ठेवावा. टकटक आवाज येत असेल आणि आंतील वस्तु अमोल असेल, तर यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावें हें उत्तम.

या सर्व परीक्षा झाल्यावर, केबल योग्य आहे, नको तें वगळलें आहे, पद्धति वाढीव आहे, आणि तरीहि वेग अपुरा पडतो असें ठरलें, तरच खर्चाकडे वळावें. एसएसडी नांवाच्या डिस्कमध्यें तबकडी नाहीं आणि हातहि नाहीं. त्यामुळें बारीक फाईलींची पायपीट जवळजवळ नाहींशी होते, आणि मोठ्या फाईली सेकंदास कित्येकशें मेगाबाईट या वेगानें जातात. परंतु ती त्याच आकाराच्या तबकडीच्या डिस्कपेक्षां महाग असते, तिच्या हलक्या जातीहि मोठ्या कामांत मध्येंच मंदावतात, आणि वर्षानुवर्षें वीज न देतां कपाटांत पडून राहणें तिला मानवत नाहीं. रोजच्या कामाची प्रत तिजवर, आणि वर्षाकांठीं एकदां घ्यावयाची संपूर्ण प्रत जुन्या तबकडीच्या डिस्कवर, अशी वांटणी पुष्कळ घरांना सोयीची पडेल. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला नियम प्रसिद्धच आहे: वस्तूच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. वाढीव बॅकअपमुळें वांचलेला वेळ या तिसऱ्या प्रतीस द्यावा.

शेवटीं एक काम असें आहे, कीं ज्यांत घाई उपयोगाची नाहीं. पोथीची नक्कल पुरी झाली म्हणजे चांगला नकलनवीस ती मुळाशीं ताडून पाही; न ताडलेली नक्कल केवळ शाईचा व्यय होय. राखीव प्रतीचेंहि तसेंच आहे. प्रत मुळाशीं ताडून पाहण्याची सोय प्रोग्रॅमांत असेल, तर वेळ लागतो म्हणून ती बंद करूं नये. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदां बाहेरच्या डिस्कवरील कोणतींहि पांच छायाचित्रें, एक कागदपत्र आणि एक ध्वनिमुद्रण, शक्य तर दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहावें. त्या दहा मिनिटांत आजीची ओवी पुन्हां ऐकूं आली, म्हणजे प्रत खरी आहे असें समजावें. मग ती होण्यास एक तास लागला कीं एक रात्र, हा प्रश्न गौण ठरतो.